अपुऱ्या साक्षीलाही जागा द्या: पाळक, धर्मगुरू आणि उपासना चालवणाऱ्या सर्वांना खुले पत्र

ख्रिस्तात प्रिय पाळकसाहेब, फादर, उपदेशक, प्रार्थनागट चालवणारे बंधुभगिनी आणि गायनाची सेवा करणारे तरुण मित्र,

सप्रेम सलाम.

उपासनेत मागे बसून ऐकणाऱ्यांपैकी मी एक. आपण आमच्यासाठी किती राबता हे मला दिसते. रात्री-अपरात्री फोन आला की आपण निघता, आजाऱ्याच्या उशाशी बसता, मयताच्या घरी सगळ्यांच्या आधी पोहोचता. त्यामुळे हे पत्र तक्रार म्हणून वाचू नये. माझे मागणे एकच आहे. आम्हाला बरे वाटावे म्हणून आपण जेवढी मेहनत घेता, तिच्यातली थोडी आमचा देवावरचा भरवसा खोल जावा यासाठी घ्या. दिलासा मिळाला की भरवसा आपोआप वाढतो, असे आपण सगळेच धरून चाललो आहोत. माझा अनुभव तसा नाही, आणि पवित्र शास्त्रही तसे सांगत नाही.

आपली नेहमीची उपासना आठवून पाहा. सुरुवातीची गीते आनंदाची असतात. संदेशात एखादे संकट येते आणि संदेश संपायच्या आत ते सुटलेले असते. मग साक्षी. नोकरी गेली होती, प्रार्थना केली, आधीपेक्षा चांगली मिळाली. गाठ निघाली होती, प्रार्थना केली, तपासणीत काहीच आढळले नाही. या साक्षी खऱ्या असतात, आणि ऐकताना मीही मनापासून आमेन म्हणते. देव ऐकतो आणि देतो, यावर माझा विश्वास आहे. पण वर्षानुवर्षे फक्त याच साक्षी कानावर पडल्या की ऐकणाऱ्याच्या मनात एक हिशेब पक्का बसतो: मन शांत असेल तर देव जवळ आहे, मन अस्वस्थ असेल तर माझेच काहीतरी चुकते आहे. हे कुणीही व्यासपीठावरून उघडपणे शिकवलेले नसते. तरी आम्ही सगळे ते शिकलेलो असतो.

एका प्रार्थनासभेत पाहिलेला प्रसंग सांगते. साक्षीची वेळ होती. एक बाई उठल्या. हातात चार घड्या घातलेला कागद होता. बोलायचे ते लिहून आणले असावे. मुलगा घर सोडून गेलेला, फोन उचलत नाही, एवढे त्यांनी कागदाकडे न बघताच सांगितले. मग म्हणाल्या, “रोज प्रार्थना करते. उत्तर आलेलं नाही. रागही येतो देवाचा. पण दुसऱ्या कुणाकडे जाऊ? म्हणून येते.” कागद उघडायला त्यांनी एक घडी सोडली असेल-नसेल, तोच सभा चालवणाऱ्या भावाने माईक हातात घेतला आणि मायेने म्हटले, “ताई, विश्वास सोडू नका. पुढच्या वेळी तुम्ही साक्ष घेऊनच याल.” लगेच गीत सुरू झाले, टाळ्या पडल्या. बाई खाली बसल्या आणि त्यांनी कागद पुन्हा होता तसा घडी घालून पर्समध्ये ठेवला.

त्या भावाचा हेतू वाईट नव्हता. सभा निराश होऊ नये एवढेच त्याला वाटले असणार. पण त्या दिवशी तिथे दिलेली सर्वांत मोठी साक्ष त्या बाईंची होती, आणि ती साक्षच नाही असे सगळ्यांसमोर ठरवले गेले. त्यांचे वाक्य तर शुभवर्तमानातलेच. योहानाच्या ६व्या अध्यायात येशूचे बोलणे कठीण वाटून पुष्कळ शिष्य मागे फिरतात. तेव्हा तो बारा जणांना विचारतो, तुम्हीही जाता का? पेत्राचे उत्तर काय? आम्हाला सगळे समजले आहे, असे तो म्हणत नाही. आता आम्हाला बरे वाटते आहे, असेही नाही. तो म्हणतो, प्रभूजी, आम्ही कोणाकडे जाणार? त्या बाई पेत्राच्या जागी उभ्या होत्या आणि आम्ही टाळ्या वाजवून त्यांना खाली बसवले.

लाजराच्या गोष्टीतही आपण हेच करतो. योहानाचा ११वा अध्याय आपण किती वेळा ऐकवला असेल! पण ५व्या आणि ६व्या वचनावर थांबून दिलेला संदेश माझ्या कानांवर क्वचितच आला. येशूची मार्था, तिची बहीण आणि लाजर यांच्यावर प्रीती होती, असे योहान लिहितो आणि लगेच पुढे सांगतो, की लाजर आजारी असल्याचे ऐकूनही येशू होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला. प्रीती होती आणि तरी तो थांबला. लाजर मेला. येशू पोहोचेपर्यंत त्याला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. दोघी बहिणी एकामागून एक येऊन त्याला तेच सांगतात: आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. यात रुसवा आहे, दुःख आहे, आणि येशू त्यांपैकी कुणालाही गप्प करत नाही. मरीयेचे रडणे पाहून तो स्वतः रडतो. आणि ‘आपण ख्रिस्त आहात, देवाचे पुत्र आहात’ ही मार्थेची कबुली २७व्या वचनात येते. धोंड अजून जागची हललेली नाही, भाऊ अजून कबरेतच आहे, अशा वेळी ती हे बोलते. लाजर बाहेर येतो तो ४४व्या वचनात. आपल्या साक्षी मात्र नेहमी ४४व्या वचनापासून सुरू होतात. आमच्यातले कितीतरी जण २१व्या वचनातली मार्थेची तक्रार आणि २७व्यातली तिची कबुली यांच्या मध्ये वर्षानुवर्षे राहतात. तिथे काय बोलायचे, कसे टिकायचे, हे आम्हाला कोण शिकवणार?

दिलासा वाईट आहे असे मी म्हणत नाही. करिंथकरांस दुसरे पत्र लिहिताना पौल सुरुवातीलाच देवाला सर्व सांत्वनाचा दाता म्हणतो, आणि पुढच्या काही ओळींत सांत्वनाचा उल्लेख इतक्या वेळा करतो की वाचणाऱ्याचे मन भरून येते. पण तो तिथे थांबत नाही. ८व्या आणि ९व्या वचनात तो उघड सांगतो की आशियात आमच्यावर इतका भार आला, की आम्ही जगण्याचीही आशा सोडली. आणि हे अशासाठी झाले, की आम्ही स्वतःवर नव्हे, तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवावा. हे लिहिणारा प्रेषित आहे. आशा सोडल्याचे तो मंडळीपासून लपवत नाही. सांत्वन आणि भरवसा त्याने एकाच दमात लिहिले, पण दोहोंच्या मध्ये ती रात्र जशीच्या तशी ठेवली. आपल्या संदेशांतून नेमकी तीच गाळली जाते.

स्तोत्रसंहितेकडे पाहा. १५० स्तोत्रांपैकी जवळपास तिसरा हिस्सा विलापाचा आहे. किती वेळ, हे परमेश्वरा? तू तोंड का लपवतोस? माझ्या शत्रूचीच का चलती आहे? हे शब्द देवाच्या लोकांनी उपासनेत गायले. आपण ते घरात एकट्याने वाचायला ठेवले आहेत. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटाकडे वळण घेतात आणि स्तुतीवर येतात, म्हणून निदान त्यांचा शेवट तरी आपण वापरतो. ८८वे स्तोत्र मात्र वळतच नाही. मित्र दूर गेले, सोबतीला उरला तो अंधार, एवढे म्हणून ते संपते. पुढे आशेची एक ओळसुद्धा नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. कुणीतरी ते पहिल्यांदा म्हटले, कुणीतरी जपून ठेवले, आणि पुढे कुणी त्याला गोड शेवट जोडला नाही. नीट वाचले तर एक गोष्ट लक्षात येते: या स्तोत्रातला एकूण एक शब्द देवालाच उद्देशून आहे. पहिल्या ओळीत तो माणूस देवाला आपला तारणारा म्हणतो आणि मग शेवटपर्यंत त्याच्याशीच भांडतो. पाठ फिरवून तो दुसऱ्या कुणाशी बोलायला जात नाही. मला विचाराल तर भरवसा म्हणतात तो हाच. त्याच्या मनात शांतीचा मागमूस नाही, पण तो समोरून हललेला नाही.

आणि वधस्तंभावर खुद्द प्रभूच्या ओठांवर कोणते स्तोत्र आले? “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” हे २२वे स्तोत्र. सर्वांत कठीण घडीला त्याने विलापाचे शब्द उचलले. मग आम्ही ते उचलले की आमचा विश्वास कमी कसा ठरतो?

आता कोरडेपणाबद्दल. याबद्दल आपल्याकडे इतके कमी बोलले जाते की मी थोडे विस्ताराने लिहिते. विश्वासात आल्यावर पहिली काही वर्षे प्रार्थना गोड लागते. वचन उघडले की ते आपल्यालाच लिहिले आहे असे वाटते. पुढे कधीतरी, काही मोठे पाप घडलेले नसताना, ती गोडी आटते. प्रार्थनेला बसावे तर तोंडून शब्द निघत नाही. गीत गाताना मन कोरडे राहते. अशा वेळी आम्हाला दोनच सल्ले मिळतात: कोणते पाप लपवले आहे ते शोधा, किंवा आणखी जोराने स्तुती करा. पहिल्या सल्ल्याने प्रामाणिक माणूस स्वतःला उगाच सोलत बसतो. दुसऱ्याने तो नाटक करायला शिकतो.

मंडळीच्या इतिहासात याहून शहाणे सल्ले आहेत आणि ते पंथाच्या भिंतीपलीकडे सगळ्यांचे आहेत. १५२१ साली पँप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय जायबंदी झालेला स्पॅनिश सैनिक, पुढे संत झालेला लोयोलाचा इग्नेशियस, अंथरुणावर पडल्या-पडल्या आपल्या मनातल्या चढउतारांकडे लक्ष देऊ लागला. त्यातून पुढे त्याने काही नियम लिहिले. त्यांतला एक फार कामाचा आहे: मन उदास आणि कोरडे असताना, आधी बरे असताना केलेला निश्चय बदलू नये. दुसऱ्या एका नियमात तो कोरडेपणाची तीन कारणे देतो. कधी आपणच प्रार्थनेत आळशी झालेलो असतो. कधी देव पाहतो की सांत्वनाची मजुरी मिळाली नाही तरी आपण किती सेवा करतो. आणि कधी तो आपल्याला दाखवून देतो की ती गोडी आपली कमाई नव्हती, त्याची देणगी होती. तिन्हींपैकी एकच कारण आपल्या दोषाचे आहे. आपल्या व्यासपीठांवर मात्र तेवढे एकच शिल्लक राहिले आहे.

क्रूसाचा संत योहान या स्पॅनिश मठवाशाला १५७७च्या डिसेंबरात त्याच्याच संघातल्या, संघाच्या सुधारणेला विरोध करणाऱ्या बांधवांनी टोलेडोत कोंडून ठेवले. १५७८च्या ऑगस्टमध्ये तो निसटला. त्या अंधाऱ्या, अरुंद कोठडीत त्याने देवावरच्या प्रेमाच्या कविता रचल्या. पुढे आत्म्याच्या अंधाऱ्या रात्रीविषयी लिहिताना तो आईचे उदाहरण देतो: ती तान्ह्याला कडेवर घेते, छातीशी धरते, पण मूल वाढू लागले की अंगावरचे दूध तोडते आणि त्याला खाली उतरवते, त्याने आपल्या पायांनी चालावे म्हणून. मुलाला वाटते, आईने टाकले.

पण प्रत्येक कोरडेपणाला तो अंधारी रात्र म्हणत नाही. तो तीन खुणा सांगतो आणि त्या तिन्ही एकत्र दिसायला हव्यात म्हणतो. देवाच्या गोष्टींत गोडी नाही, पण जगाच्या गोष्टींतही नाही. देवाची सेवा आपल्या हातून होत नाही, आपण मागे पडलो, ही टोचणी मनाला सतत लागून राहते. आणि पूर्वीसारखे चिंतन करू म्हटले तरी ते जमत नाही. यातली दुसरी खूण मला फार धीराची वाटते. जो खरोखर थंड पडला, त्याला देवापासून दूर गेल्याचे दुःख नसते. ज्याला दुःख आहे, त्याला उगाच स्वतःची झाडाझडती घ्यायला लावू नका. त्याच्या हातातून चमचमीत प्रार्थना काढून घ्या आणि त्याला सांगा, देवासमोर नुसता बस, तेवढे पुरे.

इथे एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहिते. प्रत्येक अंधार आत्मिक नसतो. नैराश्य हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. झोप उडाली, भूक गेली, जगावेसे वाटेनासे झाले असे कुणी सांगितले तर त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना जरूर करा, पण त्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे पाठवा, शक्य असेल तर सोबत जा. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, उठवून खाऊ घातले, पुन्हा झोपू दिले. बोलणे नंतर, होरेब डोंगरावर.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण इथे सांगायलाच हवे. १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या विदुषी होत्या, धर्म अभ्यासून, प्रश्न विचारून त्यांनी तो स्वीकारला होता. पुढे स्वतःच्या साक्षीत त्यांनी लिहिले, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढ्या मोठ्या कामात गढलेल्या, सगळ्यांना आदरणीय असलेल्या बाईंनी हे कबूल केले. आज आमच्या सभेत कुणी उठून म्हणेल का, की मी आठ वर्षे उपासनेला येते आहे, पण मला वाटते माझी ख्रिस्ताशी अजून भेट नाही? आणि म्हटले तर आपण तिच्याशी पुढे काय बोलणार?

मिसरातून सुटलेल्या इस्राएल लोकांना देवाने रानात रोज दिलेल्या अन्नाची, मान्नाची, गोष्ट मला भरवशाचा धडा म्हणून सर्वांत जवळची वाटते, कारण तीत मोठे काही करायचे नाही. रोज सकाळी माणशी एक ओमर, म्हणजे ठरलेले एक माप, गोळा करायचा. उद्यासाठी ठेवायचा नाही. ज्यांनी ठेवला, त्यात किडे पडले आणि घाण सुटली. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायचा, आणि तो टिकतो. हे एक-दोन आठवडे नाही, ४० वर्षे. म्हणजे तिथे जन्मलेल्या एका आख्ख्या पिढीने, तो एक दिवस सोडला तर, साठवलेले अन्न असे पाहिलेच नव्हते. बाकी रोज रात्री रिकाम्या भांड्याशेजारी झोपायचे एवढेच तिला ठाऊक होते. त्यांना आतून शांत वाटत होते असे कुठेही लिहिलेले नाही. उलट कुरकुर भरपूर लिहिली आहे. मिसरातल्या काकड्या, कांदे, लसूण आठवून ते रडतात. गुलामी विसरतात, चव आठवते. आपल्यालाही असेच होते: जुन्या अनुभवाची चव आठवून आपण रडतो आणि आजचा मान्ना उचलायचा राहून जातो. मागच्या महिन्यातल्या शिबिरात डोळ्यांत पाणी आले होते, तसे आज का येत नाही, म्हणून झुरत बसतो. पण शिबिरातला तो अनुभव त्या दिवसापुरता होता. आजच्यासाठी आज झुकावे लागते.

आता थोडे सावधगिरीचे. सोय सोडून भरवशाकडे चला, असे माझ्या म्हणण्याचे सार कुणी काढले आणि ते वाईट माणसाच्या हातात पडले तर फार वाईट होते. भरवशाच्या नावाने लोकांना भरीस पाडून पैसे काढणे, ‘ऐपतीबाहेर द्या म्हणजे देव दुप्पट देईल’ असे सांगणे, हे पाप आहे. याला दुसरा सौम्य शब्द मला सापडत नाही. मार खाणाऱ्या बाईला ‘देवावर भरवसा ठेव, सहन कर’ सांगून त्याच घरी परत पाठवणे हेही पाप आहे. सोय सोडायची ती स्वतःची. दुसऱ्याची सुरक्षितता हिसकावण्याचा अधिकार कुणालाही नाही. शिवाय भरवसा आणि धाडस यांची गल्लत होते. सैतानाने येशूला मंदिराच्या शिरोभागी नेऊन उडी टाक म्हटले, तेव्हा त्याने वचनच दाखवले, आणि तेही ९१व्या स्तोत्रातले. येशूने उडी टाकली नाही. प्रभू तुझा देव याची परीक्षा पाहू नकोस, असे म्हणून तो विषय त्याने तिथेच संपवला. औषधे फेकून देणाऱ्यांना, कर्ज काढून दान देणाऱ्यांना हे सांगण्याची जबाबदारी आपली आहे.

मग खरा भरवसा दिसतो कसा? दानीएलाच्या ३ऱ्या अध्यायात तिघे तरुण भट्टीसमोर उभे राहून राजाला सांगतात, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे. आणि त्याने नाही सोडवले, तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. ‘नाही सोडवले तरी’ हे शब्द आपल्या प्रार्थनेत कधी येतात? सुटकेची खात्री नसताना त्यांनी पाय रोवले. डीट्रिख बॉनहॉफर हा हिटलरच्या राजवटीला विरोध करणारा जर्मन पाळक १९३९च्या जूनमध्ये अमेरिकेत सुखरूप पोहोचला होता. महिन्याभराच्या आत तो स्वतःहून जर्मनीला परतला, कारण आपल्या लोकांच्या संकटात आपण बाहेर राहिलो तर नंतर त्यांच्यात उभे राहण्याचा हक्क आपल्याला राहणार नाही, असे त्याला वाटले. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिले. त्याची साक्ष आपल्या नेहमीच्या साच्यात बसणार नाही. तो सुटला नाही.

आमच्या वाट्याला असल्या मोठ्या घड्या बहुधा येणार नाहीत. आमच्यापुरता भरवसा म्हणजे खोटे बोलून सुटता आले असते तिथे खरे बोलून नुकसान सोसणे. ज्याने माफी मागितलेली नाही त्याच्यासाठी प्रार्थना करणे, आणि ती करताना आपले मन अजून दुखते आहे हे देवाला सांगणे. निवृत्तीनंतर, मूल गेल्यानंतर, लग्न मोडल्यानंतर ‘आता पुढे काय’ याचे उत्तर नसताना उद्या सकाळी उठून प्रार्थना म्हणणे. या गोष्टींना टाळ्या मिळत नाहीत. कधीतरी त्यांची नोंद तरी आपल्या संदेशात व्हावी.

आजाऱ्याच्या आणि मयताच्या घरी आपण येता त्याविषयी एक विनंती. मुले, संपत्ती, आरोग्य सगळे गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले; कुणी एक शब्द बोलले नाही. त्यांनी केलेले चांगले काम तेवढेच. तोंड उघडल्यावर त्यांनी देवाची बाजू मांडायला सुरुवात केली, आणि शेवटी देवच म्हणाला, माझा सेवक ईयोब बोलला तसे तुम्ही माझ्याविषयी योग्य बोलला नाहीत. कुरकुरणारा ईयोब बरोबर ठरला. उत्तरे देणारे चुकले. म्हणून घरात शिरताच ‘देवाची योजना असेल’ म्हणू नका. असेलही. ती आम्हाला त्या दिवशी ऐकवू नका. बसा.

मुलांच्या आणि तरुणांच्या शाळेत काय शिकवायचे हा वेगळा, मोठा विषय आहे. एवढेच म्हणते, की ‘येशूकडे आलास की सगळे ठीक होईल’ असे शिकवलेली मुले पहिल्याच मोठ्या धक्क्याला विश्वास सोडून जाताना मी पाहिली आहेत. त्यांना आपण सांगितलेला देव आणि त्यांना भेटलेले आयुष्य यांचा मेळ बसला नाही.

आणि आता आपल्याविषयी. आपणही कोरडे पडत असणार. दर आठवड्याला व्यासपीठावर उभे राहून तेज दाखवायचे ओझे आम्हीच आपल्यावर टाकले आहे, हे मला कळते. मदर तेरेसांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळले, की कित्येक दशके त्या आतल्या अंधारात प्रार्थना करत होत्या. त्यांच्या आयुष्यात ते फार थोड्यांना ठाऊक होते. आपल्याला इतकी वर्षे एकट्याने ते वाहावे लागू नये. एखाद्या रविवारी आपण नुसते म्हणालात, ‘या आठवड्यात मला प्रार्थना करवली नाही, तुम्ही माझ्यासाठी करा’, तर आपला मान कमी होणार नाही. आमच्यातल्या अनेकांना पहिल्यांदाच वाटेल, की आपल्यासारख्यांना इथे जागा आहे. “माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका,” असे म्हणणाऱ्या बापाला येशूने आधी विश्वास पक्का करून ये असे सांगितले नाही. त्याच्या मुलाला त्याने तिथेच बरे केले.

सुरुवात करायची तर मोठा बदल नको. येत्या महिन्यातल्या एका उपासनेत ८८वे स्तोत्र सबंध वाचू द्या, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि त्यानंतर लगेच दिलाशाचे गीत घेऊ नका. त्याच उपासनेत साक्षीच्या वेळी सांगा, की ज्यांची प्रार्थना अजून पुरी झालेली नाही त्यांनीही बोलावे, आणि ते बोलतील तेव्हा माईक काढून घेऊ नका, दुरुस्त करू नका, त्यांच्यासाठी सगळ्यांनी मिळून प्रार्थना करा. स्तोत्र वाचायला कुणी हवे असेल तर मला सांगा. आमच्या बाकांवर वाचायला तयार असलेली आणखीही माणसे आहेत. त्यांना कुणी विचारलेले नाही एवढेच.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

ख्रिस्तात आपली,
मंडळीतील एक सभासद